मुकादमाची पिशवी

गूळ कंपनीत माझं काम एकच होतं: गुऱ्हाळावरचे मजूर स्वखुशीनं राबतात का, ते विचारून फॉर्म भरायचा. विचारणं कसलं डोंबलाचं! टोळीचा मुकादम शेजारीच उभा असायचा.

मुरगूडकडच्या एका गुऱ्हाळावर सगळ्यांची आधार कार्डं मुकादमाच्या पिशवीत होती. का, म्हणून विचारलं तर तो हसला. "हरवत्यात की, पावणं! आधी रस घ्या."

गुऱ्हाळावर आलेल्याला रस पाजल्याशिवाय कुणी सोडत नाही. मी पेला घेतला, 'कागदपत्रं सुरक्षित' असं लिहिलं आणि सही केली.

मुकादम कढईखालच्या चुलवाणाकडं वळला, तशी रस देणारी मजूर बाई हळूच म्हणाली, "साहेब, माझं कार्ड तेवढं मागून द्या. मला गावी जायचंय."

मी उरलेला रस संपवला आणि रिकामा पेला तिच्या हातात दिला.