सात जुने कण

प्रयोगशाळेत सगळे तिला 'घार' म्हणायचे. तोंडावर मात्र ताई. ती झाडलोटीला म्हणून लागली होती. एकदा कुणाच्या तरी हातून काळ्या टेबलावर सांडलेले झिरकॉन या खनिजाचे कण तिने एकेक टिपून दिले आणि तिच्या हातातला झाडू जाऊन सुई आली.

खडक फोडायचा, दळायचा, जाळीतून चाळायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली सुईने मिठाहूनही बारीक झिरकॉन निवडायचे, हे तिचं काम. झिरकॉनमधल्या युरेनियमचं ठरावीक गतीने शिसं होत जातं. ते मोजलं की कणाचं वय कळतं, आणि वयावरून तो मुळात कुठल्या डोंगरातला हेही.

नवरा बसचालक. तो म्हणायचा, "खडे निवडायचा पगार तुला, आणि डाळीतले खडे मात्र मी निवडायचे!"

बावीस वर्षं अशी गेली. मग एका संशोधक मुलीने एका कड्यावरून वालुकाश्म आणला. त्यातले सात कण दोनशे सत्तर कोटी वर्षांचे निघाले. कड्याच्या आसपास इतका जुना डोंगरच नव्हता. म्हणजे या दगडातली वाळू समुद्रापलीकडच्या जमिनीवरून आली असणार! प्राध्यापक हरखले. शोधनिबंध लिहून तयार झाला.

आकडा कानावर आला तेव्हा ताईने आपली कामाची वही उघडून पाहिली. या वालुकाश्माच्या आधीच्या आठवड्यात तिने दळलेला ग्रॅनाइट तेवढ्याच वयाचा होता. दर दगडाला नवी जाळी लावायची, हा नियम. वालुकाश्म चाळायच्या दिवशी जाळ्या संपल्या होत्या. तिने ग्रॅनाइटचीच जाळी धुऊन वापरली होती; तिच्यात त्याचे कण अडकून राहिले असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने प्राध्यापकांना ते सांगितलं.

"आत्ता सांगताय?" त्यांचा चेहरा उतरला.

"आकडा कालच ऐकला, सर. उरलेला दगड पिशवीत आहे. मी पुन्हा करते."

एकोणीस दिवस लागले. नव्या जाळीतून आलेल्या कणांत जुना एकही नव्हता. सगळी वाळू शेजारच्याच डोंगरांची. निबंध बारगळला, मुलीचं वर्ष फुकट गेलं. दोन महिने ती ताईशी कामापुरतंही बोलली नाही, चिठ्ठ्या ठेवायची. ताईला ते लागलं, पण तिने सारवासारव केली नाही.

एके दिवशी मुलगी येऊन म्हणाली, "ताई, मी पुन्हा कड्यावर चाललेय. या वेळी तुम्हीही चला."

इतक्या वर्षांत ताईने खडक पाहिले ते पिशवीतूनच. कड्याखाली पोचल्यावर तिने मान वर केली. वाळूचे थर एकावर एक पार डोक्यावर गेले होते. तिने हात लावला; दगड उन्हाने तापला होता.

"अगं बाई, केवढा हा!" ती म्हणाली. मग पदर खोचून हातोडा मागितला आणि विचारलं, "कुठून तोडू?"

मुलीने बोटाने थर दाखवला. दोघींनी मिळून संध्याकाळपर्यंत चार पिशव्या भरल्या.