एक दाबा, दोन दाबा

कात्रजहून सुटलेल्या बसमध्ये माझ्या शेजारी साठीच्या एक बाई बसल्या होत्या. केस गेलेल्या डोक्याला त्यांनी रुमाल घट्ट बांधला होता. त्यांचा फोन वाजला आणि स्पीकरवर रेकॉर्ड केलेला आवाज आला, "आजची कॅन्सरची गोळी घेतली असेल तर एक दाबा, नसेल तर दोन."

उघड्या पर्समध्ये गोळ्यांची न फोडलेली पट्टी दिसत होती, तरी त्यांचं बोट 'एक'वर गेलं. मी पाहतोय हे कळताच त्या ओशाळल्या. "अहो, या गोळीनं तोंड नुसतं सोलवटलंय. आठवडाभर घेतलीच नाही."

"मग दोन दाबा ना," मी म्हणालो.

त्यांनी दोन दाबलं. स्वारगेट यायच्या आतच हॉस्पिटलमधल्या नर्सचा फोन आला.

"काकू, कशा आहात? काय त्रास होतोय?"

बाईंनी रडत रडत सगळं सांगितलं.

"आजच या, डॉक्टर बघतील. पण आधी का नाही बोललात?"

"रोज गोळी घेतली का एवढंच विचारता. कशा आहात, हे आज विचारलंत."

स्वारगेटला उतरून त्या हॉस्पिटलकडे जाणारी बस शोधायला गेल्या.

हल्ली आईला फोन केला की गोळ्यांचं मी नंतर विचारतो.