दुधावरची कोकरं

मंगळवेढ्याच्या माळावर धुळाप्पा एकटा राहायचा, आणि एकटा म्हणजे अगदी एकटा. भावकीतलं कुणी त्याच्या खोपटाकडं फिरकत नसे. का फिरकावं? दुष्काळाच्या साली त्यानं सख्ख्या भावाची मेंढरं कुंपणावरनं माघारी लावली होती. धनगराच्या पोटी जन्मून हा गवत राखतो, असं लोक तोंडावर बोलायचे. त्याला ते लई लागायचं.

पण गवत राखणं हेच तर काम होतं. सोलापुरात सात रस्त्याजवळ ऑफिस असलेल्या एका संस्थेनं माळाचे बारा तुकडे तारेनं बंदिस्त केले होते. चार तुकड्यांत मेंढी घालायचीच नाही, चारांत पावसाळाभर दहा-दहा, चारांत वीस-वीस. वीस वर्षं हेच करायचं आणि माळ किती चराई सोसतो ते बघायचं. धुळाप्पा रोज सांजच्याला मेंढरं मोजून फोनवर आकडा कळवी. अकरा वर्षांत एका दिवसाचा खाडा नाही.

गेल्या श्रावणात शगुफ्ता मॅडम कामावर नव्यानं रुजू झाल्या. पहिल्याच दिवशी दहाच्या तुकड्यात त्यांना सोळा जनावरं दिसली.

"दहाच हाईत की, बाई," धुळाप्पा म्हणाला. "ती सहा दुधावरची हाईत."

दूध पितं कोकरू मेंढरांत धरायचं नाही, ही त्याच्या बापानं घालून दिलेली रीत. कोकरं दसऱ्याला टेम्पोतून विकायला जायची, पण ऑफिसात विकणारे वेगळे आणि आकडे लिहिणारे वेगळे, त्यामुळं हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि महिन्याचं झालं की कोकरू गवताला तोंड लावणारच ना! मॅडम दगडावर बसल्या आणि त्यांनी समजावून सांगितलं, की अकरा वर्षं मेंढरं असलेला प्रत्येक तुकडा कागदावर लिहिलाय त्यापेक्षा जास्त चरला गेलाय.

ज्या कामापायी भाऊ तोडला, तेच मातीत गेलं म्हणायचं.

मॅडमनी मात्र विचारलं, कुठल्या साली कुठल्या तुकड्यात किती कोकरं होती ते आठवतं का? आठवलं तर आकडे दुरुस्त करता येतील, सगळं वाचेल.

अहो, धनगराला कोकरू आठवतं का म्हणून कधी विचारतात का! कानफाटीला जुळं, तांबडीचं एक लंगडं, असं तो सांगत सुटला. दोन दिवस मॅडम लिहीत होत्या. इतकं बोलणं त्याच्या तोंडून कैक वर्षांत निघालं नव्हतं, मधेच तो हसलासुद्धा. दहा सालं भरून झाली. सातवं तेवढं तो टाळत होता.

मॅडमनी शेवटी त्या सालाचं विचारलं. त्या साली आषाढात त्याची बायको मायाक्का तापानं गेली होती.

"मेंढरं म्या रोज मोजली," तो म्हणाला. "कोकरं तीच बगायची, मला सांगायची. त्या साली किती हुती, मला न्हाय ठावं."

तो रकाना कोरा राहिला तरी चालेल, मॅडम हळूच म्हणाल्या, फक्त कोरा का, ते शेजारी लिहावं लागतं. काय लिहू, मामा?

"लिवा," धुळाप्पा म्हणाला, "मोजनारी गेली."