सातवीच्या वहीचं शेवटचं पान

मुलाखतीत करस्पाँडंट सारांनी माझ्या बोलण्याला बाजारी म्हटलं, तो राग अजून गेलेला नाही. आमच्याकडे खासगी शाळेच्या मालकाला करस्पाँडंट म्हणतात. शाळा आदिलाबादची, इंग्रजी माध्यमाची. जागा गणिताच्या टीचरची. मी सातवीच्या वर्गावर डेमो दिला. ओली मिरची वीस रुपये किलोने चाळीस किलो घेतली, वाळून दहा किलो राहिली, तर कोणत्या भावाने विकली म्हणजे तोटा होणार नाही? हे गणित मला पुस्तकात शोधावं लागलं नव्हतं. जैनथच्या बाजारात आईशेजारी बसून मी मिरची विकली आणि त्याच मिरचीवर बी.एड. केलं. मुलं ओरडून उत्तरं द्यायला लागली, मी त्यांच्याहून मोठ्याने ओरडले, आणि उत्तर फळ्यावर यायच्या आत घंटा झाली.

ऑफिसात सार म्हणाले, "मॅथ्स अच्छा है मेडम. लेकिन बोलने का ढंग थोडा बाजार का है."

मी दहावीचा वर्ग मागितला तेव्हा तर ते हसलेच. पगार मी सांगितला त्याहून बराच खाली आणला, "बाद में फोन करते" म्हणाले, आणि माझी ओरिजिनल सर्टिफिकेटं तपासायची म्हणून कपाटात ठेवून घेतली.

फोन आला नाही. मग मीच करू लागले. सकाळी केला, दुपारी केला, सलग आठ दिवस केला. क्लार्क कधी म्हणायचा सार मीटिंगमध्ये आहेत, कधी म्हणायचा हैदराबादला गेले. नवव्या दिवशी मी फोन हातात घेतला, तशी मिरच्यांचे देठ खुडत बसलेली आई भडकली.

"काऊन रोज फोन करून राह्यली वं? एकच गिऱ्हाईक तीनदा वापस आलं, तं आपण भाव कमी करतो का?"

"नाही."

"मंग? तुले गरज हाये, हे त्या मास्तरले समजलं. आता जाय, आपलं सामान उचल अन् ये."

जिथं मी आयुष्यभर गिऱ्हाइकांची गरज ओळखून त्यांना पकडत आले, तिथं मी स्वतः जाऊन सापडले होते. आधी स्वतःचाच राग आला, मग सारांचा. दुसऱ्या दिवशी बस धरली.

शाळेत क्लार्कने मला बाकावर बसवलं. शेजारच्या टेबलावर सातवीच्या गणिताच्या वह्यांचा गठ्ठा होता, तपासणीसाठी मागवलेला. वरची उघडली. लिहिलेल्या शेवटच्या पानावर माझी मिरची. दुसरी उघडली, तिसरी उघडली. मिरचीच, तिच्याखाली उत्तराची रिकामी जागा, आणि पुढची पानं कोरी. दहा दिवसांत त्या वर्गाला कोणी गणित शिकवलं नव्हतं, म्हणजे सारांना दुसरं कोणी मिळालं नव्हतं. परीक्षा तर पुढच्याच महिन्यात. गरज माझी एकटीची नव्हती! एक वही मी हातातच ठेवली.

सारांसमोर गेले ते खुर्चीवर बसलेच नाही.

"सार, माझी सर्टिफिकेटं द्या."

"अरे मेडम, गुस्सा क्यों? सोच रहे हैं ना."

"तुम्ही निवांत सोचा. माझे कागद काऊन अडकवून ठेवता?"

त्यांनी कपाट उघडून कागद दिले. मी ते एकेक पाहून घेतले, वही त्या पानावर उघडून टेबलावर ठेवली आणि निघाले.

बाजारात सौदा मोडून निघालेल्याला तिसऱ्या दुकानाच्या आत हाक येते. मी वर्ग मोजत होते. पहिलीचा गेला, दुसरीचा गेला, तिसरीचाही गेला. हाक नाही. वळून पाहावंसं वाटत होतं, पण मागे पाहिलं की भाव पडतो. पाण्याच्या टाकीपाशी पोहोचले तेव्हा क्लार्क धावत आला.

"मेडम, सार बुला रहे."

"सारांना म्हणावं, मी इथंच उभी आहे."

सार स्वतः आले. हातात ती वही.

"कल से आ जाओ. सिक्स्थ, सेवन्थ तुम्हारा."

"अन् दहावी."

"टेन्थ? पहले ही साल?"

भाव सांगितला की तोंड बंद ठेवायचं, हे आईने शंभरदा शिकवलं आहे. मला ते कधी जमत नाही. त्या दिवशी जमलं. सार वहीकडे पाहत राहिले, मी टाकीच्या नळाकडे.

"ले लो टेन्थ भी. और पगार?"

"मुलाखतीत मी सांगितला तोच."

त्यांनी मान हलवली. 'बाजार का' हा शब्द मात्र त्यांनी मागे घेतला नाही, आणि मीही तो सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सातवीत गेले. "वह्या काढा. शेवटचं पान." दार उघडंच होतं, बाहेर व्हरांड्यात सार उभे होते. मी आवाज मुद्दाम जैनथच्या बाजारातला लावला.

"ऐंशी रुपये! त्याच्या खाली एक रुपया उतरायचं नाही!"

सातवीने ते माझ्याहून मोठ्याने म्हटलं.