काळी मेंदी

भूकंप झाला तेव्हा मी लातूरला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. औशाकडची एक मैत्रीण त्यानंतर वर्गात परत आलीच नाही. कित्येक महिने आम्ही सगळे घर असून अंगणात पत्र्याखाली झोपत होतो. त्यानंतर थोड्याच दिवसांत माझ्या कपाळाजवळचे केस पांढरे व्हायला लागले. आमच्या गावी, कंधारला, कुणी विचारलं की आई म्हणायची, पोरगी भ्यायली.

पुढे मी एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवू लागले. तोवर लातूरभर क्लासच्या पाट्या लागल्या होत्या आणि गावोगावची मुलं खोल्या करून राहत होती. क्लास चालवणारे सर भले गृहस्थ होते. पण एकदा अवघडत म्हणाले की, पालक प्रवेश घ्यायला येतात तेव्हा शिकवणारे तरुण दिसले तर त्यांना बरं वाटतं. मला ते लागलं, पण पटलंही.

बाटलीतल्या डायची मला भीती वाटायची, म्हणून मी दुकानातून काळी मेंदी आणली. डब्यावर हिरवी पानं होती, वर ‘वनौषधीयुक्त’ असं मोठ्या अक्षरांत. मेंदीनं काय होणार, असं म्हणून मी कित्येक वर्षं ती लावत राहिले. डोकं खाजायचं. त्याचा दोष मी बोअरच्या जड पाण्याला दिला.

एका रविवारी मेंदी धुतल्यावर कपाळाची आग सुरू झाली. सोमवारी सकाळी डोळे उघडेनात. आई तेव्हा माझ्याकडेच होती. तिनं गार पाण्याच्या घड्या ठेवल्या आणि रिक्षात घालून मला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी औषध दिलं आणि डबा मागवून घेतला.

"नुसत्या मेंदीचा रंग तांबूस येतो," ते म्हणाले. "लगेच काळाभोर आला की समजा, त्यात काहीतरी घातलंय."

डब्याच्या तळाशी बारीक अक्षरांत ते नाव होतं, पॅरा-फेनिलीनडायअमीन. त्याच आठवड्यात मी फळ्यावर ॲनिलीनची रचना काढून मुलांना समजावली होती. हे त्याचंच भावंड. मला हसू आलं, पण सुजलेल्या तोंडानं हसताही येईना.

सर भेटायला आले ते मोसंबी घेऊन. माझा चेहरा पाहून खाली मान घालून बसले. मी सांगितलं की यापुढे रंग लावणार नाही, क्लासला चालत नसेल तर तसं सांगा. ते मिशीवरून बोट फिरवत हळूच म्हणाले, "मॅडम, माझ्या पुड्यावर काय लिहिलंय, तेवढं बघून द्याल का?"

दुसऱ्या दिवशी ते रुमालात गुंडाळून पुडा घेऊन आले. त्यावरही तेच नाव होतं. आम्ही दोघांनी ते मोठ्यानं वाचलं. आई चहा घेऊन आली तेव्हा सर विचारत होते की, मग आता लावायचं काय?

काय लावायचं, ते शोधायला मला बरेच महिने गेले. काष्ठौषधीच्या दुकानातून शिकेकाई, रिठा, आवळा आणि मेंदीचा सुकलेला पाला आणला. डॉक्टरांनी बजावलं होतं की झाडपाल्याचंही वावडं असू शकतं, आधी कानामागं थोडं लावून दिवसभर थांबा. रिठ्यानं माझी त्वचा चुरचुरली, तो सोडला. शिकेकाई मानवली, मात्र डोळ्यांत गेली की पाणी काढायची. मेंदीनं पांढरे केस लालभडक झाले. आई मला समोर बसवून बघत राहिली.

"लई रंगलंय बाई," ती म्हणाली. "आता काहीच लावू नको. हाय तसं राहू दे."

मेंदी उतरू दिली. पांढरे केस घेऊन पहिल्यांदा वर्गात गेले, फळ्याकडे वळले आणि तासाला सुरुवात केली. एकदा, माझ्या डब्याची हकिगत ऐकून, तासानंतर होस्टेलच्या दोन मुली थांबल्या. केस फार गळतात म्हणून त्यांनी शाम्पूच्या पुड्या दाखवायला आणल्या होत्या. पुड्यांवरची अक्षरं इतकी बारीक की मलाही वाचता येईनात. वाचता येत नाही ते डोक्याला कशाला लावता, एवढंच मी म्हणाले, आणि जेवता का वेळेवर, ते विचारलं. दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. पुढच्या रविवारी मी त्यांना घरी बोलावलं. आईनं वरणभात केला, शिकेकाई उकळून दिली, आणि परसात दोघींची डोकी आपल्या हातानं धुतली. एक जण धुता धुता रडली. तिला घरची आठवण आली होती. आईनं तिला रडू दिलं आणि पाणी ओतत राहिली.

त्या आगीनं माझ्या कपाळावर पडलेला डाग हळूहळू गेला. सरांनी मिशी पांढरी होऊ दिली. प्रवेशाच्या दिवसांत ते पालकांसमोर मला नेहमीसारखंच बसवायचे.