खालचा आवाज

लग्न होऊन मी दौंडच्या रेल्वे कॉलनीत आले, तेव्हा आपल्याला गाता येतं याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. माहेरी शिरूरच्या चर्चमध्ये गीत उचलायचं काम माझंच होतं. पाळक गीताचा आकडा सांगायचे, मी सूर लावायची आणि सगळी मंडळी माझ्यामागून यायची.

दौंडला पहिल्या रविवारी मी तशीच गायले. दोन कडवी होईतो पुढच्या बाकावरच्या बायका वळून बघायला लागल्या. उपासना संपल्यावर पेटी वाजवणाऱ्या बाई माझ्याजवळ आल्या. इंजिन ड्रायव्हरच्या विधवा, पन्नाशीच्या, रेल्वेच्या शाळेत शिकवायच्या. "आवाज चांगला आहे," त्या म्हणाल्या, "पण सगळा घशातून ओढतेस. असा फार वर्षं टिकायचा नाही. गुरुवारी दुपारी घरी ये."

मला राग आला. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "जा की. बाई कुणाला आपण होऊन बोलवत न्हाईत."

त्या गुरुवारी गायला मिळालंच नाही. बाईंनी सतरंजीवर उताणं झोपवलं, पोटावर जाडजूड पुस्तक ठेवलं आणि श्वास घ्यायला सांगितला. पुस्तक वर गेलं पाहिजे, खांदे हलता कामा नयेत. माझे खांदेच हलत होते.

घरी सराव करताना सासूबाईंनी पाहिलं. "पोट दुखतंय का गं?"

"न्हाई आत्या, गाणं शिकतीय."

"आडवं पडून?" त्या पदर तोंडाला लावून हसल्या. पण दुसऱ्या दिवशी पाण्याची वाटी घेऊन आल्या. "पुस्तक काढ, ही ठिव. सांडली की तुझं तुलाच कळंल." दोन-तीनदा लुगडं भिजलं, पण आठवड्यात श्वास खाली उतरला.

पुढे बाईंनी जबडा सैल सोडायला शिकवलं. ओळीत दम कुठं घ्यायचा तिथं त्या पेन्सिलीनं बारीक रेघ मारून द्यायच्या. मी भलतीकडेच थांबले की म्हणायच्या, "प्रार्थनेत 'हे प्र' म्हणून दम घेऊन मग 'भू' म्हणतेस का? मग गाताना का घेतेस?"

नाताळच्या तयारीत त्यांनी मला चाल सोडून खालचा आवाज दिला, म्हणजे बाकीच्या चाल म्हणत असताना तेच शब्द खालच्या, वेगळ्या सुरांत गाऊन साथ द्यायची. मला वाटलं, मागे ढकललं. तसं बोलूनही दाखवलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "चाल म्हणायला सहाजणी आहेत. खालच्या आवाजाला माझ्याकडं कुणी नाही."

तो आवाज धरणं अवघड. शेजारणीची चाल कानावर आली की मी घसरून तिच्यावर जायची. बाई पेटीवर चाल वाजवत राहायच्या आणि मला एकाच सुरावर उभं करायच्या. कितीतरी गुरुवार असेच गेले. मग एकदा दोन्ही सूर असे जुळले की पेटीवर ठेवलेल्या माझ्या हाताला झिणझिण्या आल्या. बाई वाजवायच्या थांबल्या नाहीत, नुसती मान हलवली.

नाताळनंतर आमचं गायनमंडळ एसटीनं शिरूरला गेलं. उपासनेनंतर माझे वडील, मिशनच्या आवारात माळीकाम करायचे ते, बाहेर भेटले. त्यांचा चेहरा उतरला होता. "तू गात न्हवतीस व्हय? तुझा आवाज आलाच न्हाई."

"गात होते आबा. खालचा."

मी तो म्हणून दाखवला. "ह्याला तर चालच न्हाई," ते म्हणाले.

"तुम्ही चाल म्हणा. मी खालून येते."

चिंचेखाली उभे राहून त्यांनी सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला ते थबकले, माझ्याकडे पाहिलं. "पुन्यांदा म्हण." मग आम्ही सगळी कडवी म्हटली. जेवणाचं बोलावणं दोनदा आलं, पण आबा हलेनात.

त्यानंतर नऊ वर्षं, नवऱ्याची बदली होईपर्यंत, मी दौंडला खालचा आवाज गायले. शेवटच्या वर्षी बाईंनी कॉलनीतल्या दोन पोरी माझ्याकडे शिकायला पाठवल्या. दोघींनाही मी आधी आडवं झोपवलं, पण पाण्याची वाटी काही दिली नाही. एकीच्या अंगावर नवं परकर-पोलकं होतं.