पुलापलीकडे गेम ओव्हर

बसा, चहा येतोय, तोवर सांगतो. माणूस गाढवपणा करतो तेव्हा निदान चार भिंतींच्या आत करतो. माझा गाढवपणा अख्ख्या गावाच्या मोबाइलवर गेला आणि वर लिहिलेलं, खेळून सांगा कसा वाटला!

मी यवतमाळला गेम बनवायला शिकतो. बनवायला, खेळायला नाही. हा फरक माझ्या मामाला अजून पटलेला नाही. तो दर फोनला विचारतो, परीक्षेत खेळाच लागते काय रे? आमचं गाव बाभुळगावच्या अलीकडे. रोज एस.टी.नं जायचं, दिवसभर संगणकासमोर चौकोन जोडायचे आणि डोळे चोळत परत यायचं.

हे चौकोन म्हणजे काय, ते आधी समजून घ्या, नाहीतर माझी फजिती तुम्हाला पूर्ण लाभायची नाही. आमचा गेम सपाट असतो, भिंतीवरच्या चित्रासारखा. त्यात एक माणूस डावीकडून उजवीकडे पळतो, उड्या मारतो. त्याच्या पायाखालची जमीन छोट्या छोट्या चौकोनांनी बनवलेली. त्याला टाइल म्हणतात, आपण फरशी समजू. फरशी आहे तोवर माणूस उभा. फरशी संपली की खाली पडतो, आणि खाली काहीच नसतं. पडला की गेम ओव्हर. म्हणून सर पहिल्यापासून सांगत होते, तुमचं जग जिथे संपतं तिथे एक न दिसणारी भिंत घाला. मी मान डोलवली होती. भिंत घातली नव्हती.

शेवटच्या प्रकल्पाला सर म्हणाले, ज्याला जे ठाऊक आहे ते करा, आपापलं गाव करा. मी ठरवलं, गावात रानडुकरं शिरलीत. त्यांना चुकवत एस.टी.च्या थांब्यापासून गावाच्या टोकापर्यंत जायचं, तिथे टिनाचा डबा बडवायचा, डुकरं पळून जातात, आपण जिंकलो. आपल्याकडे कोणालाही समजावून सांगावं लागू नये असा गेम.

मग मी काढायला बसलो. थांबा काढला, ग्रामपंचायत काढली, मंदिर, पाण्याची टाकी, पिठाची गिरणी. सरपंच विठ्ठलभाऊंचा गोठा तर असा काढला की विचारू नका. त्यातली प्रत्येक म्हैस वेगळी. शेपट्या हलायच्या. एक म्हैस रवंथ करायची, आणि तो जबडा नीट फिरावा म्हणून मी एक अख्खी सुट्टी घालवली. गोठ्याच्या पुढे नाल्यावरचा पूल, पुलाच्या तोंडाशी टिनाचा डबा. झालं गाव.

पुलाच्या पुढे काय आहे? पुलाच्या पुढे आमची वस्ती आहे. विहार आहे, निळा झेंडा आहे, माझी आई जिथे सेविका आहे ती अंगणवाडी आहे, आणि आमचं घर आहे. गेममध्ये पुलाच्या पुढे एक फरशीही नव्हती.

आता आईचं ऐका. आमच्या वस्तीत शिकल्या पोरानं पोलीस भरती करावी किंवा मास्तर व्हावं, असा रिवाज आहे. गेम बनवणं हे काय काम आहे, असं तिला नळावर, विहारात, लग्नात, सगळीकडे ऐकावं लागायचं. ती सगळ्यांना एकच उत्तर द्यायची, माझा सुमेध आपलं गाव मोबाइलात घालून राह्यला, मग पाहा. रविवारी विहारात वंदना झाल्यावर सगळ्यांना गेम दाखवायचा, हेही तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं. तिनं इतकी वर्षं माझ्या बाजूनं जी तोंडं बंद केली होती, ती बंद राहणार की नाही, हे त्या रविवारवर अवलंबून होतं.

शनिवारी मी तिच्या मोबाइलवर गेम टाकून दिला. चुलीवर भाजी ठेवून ती खेळायला बसली. डुकरांना घाबरून ती गिरणीपाशी बराच वेळ उभीच राहिली. मग हळूहळू जमलं. गोठ्यापर्यंत आली, म्हशी पाहून खूश झाली, डब्यावरून उडी मारून पुढे गेली आणि नाहीशी झाली.

"मेली न मी," आई म्हणाली.

"डबा बडव ना. डब्यापाशी गेम संपते."

"डबा कायले बडवू? घरी जाऊन राह्यली होती मी."

तिनं पुन्हा सुरू केलं, पुन्हा डबा ओलांडला, पुन्हा पडली. तिला वाटलं आपणच चुकतोय. पूल नीट बांधला नाही काय तू, असंही विचारून झालं. मी म्हटलं, एक छोटी चूक राहिली आहे, दुरुस्त करतो. करतोच म्हटलं. पण तोवर तिनं तो गेम बचत गटाच्या ग्रुपवर पाठवून दिला होता, आणि तिथून तो गावभर गेला.

रविवारी सकाळपर्यंत आमची अर्धी वस्ती पुलावर मेली.

कारण सोपं होतं. आमच्या वस्तीत कोणीच डबा बडवायला थांबत नव्हतं. थांब्यावर उतरलेला आमचा माणूस दुसरं काय करणार? घरी जाणार. पूल ओलांडला की पाय टाकायला जागा नाही, पडदा काळा आणि वर लाल अक्षरात गेम ओव्हर. कमलमावशी नळावर सांगत होती की तिची सून पडली, मुलगा पडला, जावई पुण्याहून खेळला तोही पडला.

आणि मग मिलिंददादा आले. दादा लोहाऱ्याला कारखान्यात कामाला आहेत, पण मनानं कायम मोर्चात असतात. वस्तीचं कुठलंही काम असलं की निवेदन तेच लिहितात. रस्त्याचे दिवे पुलापर्यंतच लागले तेव्हा त्यांनीच भांडून पुढचे लावून घेतले होते. म्हणजे पुलाशी काहीतरी थांबतं, याचा त्यांना दांडगा अनुभव.

दारातच त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आवाज एकदम हळू. "सुमेध, खरं सांग. कोनं दबाव आणला तुह्यावर?"

इथे, मित्रहो, एक सरळ माणूस म्हणाला असता, कोणी नाही दादा, मीच. मला तेवढंच म्हणायचं होतं. पण दादांच्या डोळ्यांत माझ्याविषयी इतकी माया होती, की मी खाली पाहिलं. बस, नुसतं खाली पाहिलं. दादा म्हणाले, समजलं, तू बोलू नको, तुले शिक्षण पूर्ण करा लागते. आणि गेले.

तासाभरात मी पीडित झालो. कोणी म्हणालं, सरपंचानं धमकी दिली. कोणी म्हणालं, कॉलेजनं वस्ती काढून टाकायला लावली. कमलमावशीनं तर मी जेवणही सोडलंय असं ऐकलं आणि डबा घेऊन आली. तो मी खाल्ला. आता खोटं कशाला बोलू, वांग्याची भाजी होती आणि चांगली होती.

पुलाच्या अलीकडेही आग लागलीच. तिथले लोक म्हणायला लागले, पंचायतीला बदनाम करायचा डाव आहे. वंदनेनंतर विहारात सगळे जमले, मला पुढे बसवलं, दादांनी निवेदन वाचायला घेतलं आणि तेवढ्यात दारात विठ्ठलभाऊ सरपंच स्वतः हजर. चप्पल काढून आत आले. हातात मोबाइल. भला माणूस, घामाघूम झाला होता.

"मीबी खेळलो न भाऊ," ते दादांना म्हणाले. "मीबी पडलो तिथं. याच्यात माह्या काय हात हाय?" मग माझ्याकडे वळले. "सुमेध, तूच सांग सगळ्यायले. मी तुले कधी काही म्हटलं काय?"

सगळा विहार माझ्याकडे पाहत होता. आई खिडकीपाशी बायकांत बसली होती, नवं लुगडं नेसून, कारण आज तिच्या मुलाचा गेम दाखवायचा होता.

खरं कारण मला तेव्हाही माहीत होतं. वर्गात ज्याचा-त्याचा गेम मोठ्या पडद्यावर लावतात आणि पोरं विचारतात. हे कोणाचं घर? तुझं कुठलं? इतक्या लांब का, नाल्याच्या पलीकडे का? आणि मग एकमेकांकडे पाहतात, आडनाव आठवतात, आणि त्यांना जे समजायचं ते समजतं. मला ते पाहणं नको होतं. कोणी मला एका शब्दानं अडवलं नव्हतं. अडवणारा येण्याआधीच मी स्वतः पूल बंद करून बसलो होतो. याची मला लाज वाटत होती, आणि त्या लाजेपोटी मी काय केलं?

मी तांत्रिक बोललो.

म्हटलं, भाऊंचा काही दोष नाही, कोणाचाच नाही. मोबाइलची मेमरी असते. प्रत्येक घर, प्रत्येक झाड त्यात जागा खातं. पुलापर्यंत येता येता मेमरीच पुरली नाही.

काय सांगू, लोकांना पटलं. मेमरी या शब्दाला फार वजन आहे. म्हातारे माना हलवायला लागले. सरपंचांनी कपाळ पुसलं. दादा निवेदनाची घडी करू लागले. मी सुटलो होतो.

आणि खिडकीकडून आई बोलली. आवाज चढवला नाही, अंगणवाडीतल्या पोराला विचारावं तसं विचारलं.

"अन् सरपंचाच्या म्हशीले पुरली?"

मी तोंड उघडलं, पण रवंथ करणाऱ्या म्हशीला किती मेमरी लागते, याचं उत्तर आमच्या अभ्यासक्रमात नाही. दादांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी त्यात माया नव्हती, रागही नव्हता. त्यांनी निवेदन खिशात घातलं आणि म्हणाले, चला, चहा घ्या सगळे. सरपंच जाता जाता माझी पाठ थोपटून म्हणाले, होते बाप्पा, लेकरू हाय. कोणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

गेम दाखवलाच नाही. आई घरी आली, नवं लुगडं बदललं, स्वयंपाकाला लागली. माझ्याशी बोलली नाही. तिला पुन्हा नळावर जायचं होतं, आणि आता सांगायला तिच्याकडे काही नव्हतं, हे मला कळत होतं.

मग मी लॅपटॉप उघडला. माफी मागण्यापेक्षा काम करून दाखवू, असं ठरवलं. पुलाच्या पुढे फरशा टाकल्या. विहार काढला, झेंडा काढला, अंगणवाडी काढली. मोठ्या उत्साहात आमचं घर काढायला घेतलं आणि अडलो. गोठ्यातली कोणती म्हैस कोणत्या खुंट्याला असते ते मला डोळे मिटून सांगता आलं असतं. स्वतःचं घर समोरून कसं दिसतं, ते आठवेना. दार मध्ये आहे, इतकं नक्की. पुढे? बरंच घोळवलं, शेवटी न राहवून स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं.

"आई, आपल्या घराले समोरून खिडकी एक हाय का दोन?"

आतून भांड्यांचा आवाज थांबला. विहारातून आल्यापासून ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली.

"जिच्या उजेडात बसला हायस न, तेवढी एकच हाय."